टीडीएस-पेनाला युरिया दिसत नाही

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशाच्या विज्ञानवार्तांमध्ये दोन बातम्या जवळजवळ एकाच वेळी आल्या. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० ने उड्डाण केले आणि त्याच्या कक्षेत राहिलेल्या चौथ्या टप्प्यावरील ‘क्रॉप्स’ या छोट्याशा पेटीत चवळीच्या आठ बियांना चार दिवसांत अंकुर फुटले, ही पहिली. केंद्रीय भूजल मंडळाच्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांच्या भूजलात मर्यादेपेक्षा अधिक नायट्रेट आढळले आणि तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक पंचमांश नमुन्यांनी लिटरला ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडली, ही दुसरी. पहिल्या बातमीचे छायाचित्र घरोघरी पोहोचले. दुसरी आली तशी विरली.

वस्तुतः दोन्ही बातम्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. बी अंकुरते ते स्वतःच्या शिदोरीवर. बीजपत्रांतला साठा संपेपर्यंत त्याला बाहेरून काही लागत नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो : मुळांभोवतीच्या पाण्यात नेमके काय विरघळले आहे, आणि किती? अंतराळात हा प्रश्न यथावकाश येईल. जमिनीवर मातीविना शेती करणाऱ्यांपुढे तो रोज सकाळी उभा असतो आणि काहीशे रुपयांच्या एका पेनासारख्या यंत्राने तो सोडवला, असे मानण्याची पद्धत रूढ झाली आहे. हे यंत्र म्हणजे टीडीएस-मीटर. पाण्यात बुडवायचे, पडद्यावर ‘८०० पीपीएम’ उमटले की भाजी पोटभर जेवली. या समजुतीवर प्रशिक्षणवर्ग चालतात, प्रकल्प अहवाल लिहिले जातात, कर्जे काढली जातात. ही समजूत चूक आहे, आणि चूक साधी नाही.

एक लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम खाण्याचे मीठ विरघळवावे. पाण्याची विद्युतवाहकता सुमारे २ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर भरते आणि सर्वसाधारण पेन तिथे १००० पीपीएम दाखवते. आता दुसऱ्या भांड्यात होगलंड आणि आर्नन यांचे विख्यात पोषणद्रावण घ्यावे. कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतून ते जगभर गेले. लिटरला २१० मिलिग्रॅम नत्र, ३१ मिलिग्रॅम स्फुरद, २३५ मिलिग्रॅम पालाश आणि शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक व सूक्ष्मद्रव्ये असलेल्या या द्रावणाची वाहकताही २ च्याच आसपास असते. एका भांड्यात टोमॅटोचे झाड फळापर्यंत जाईल, दुसऱ्यात ते वाळेल. पेनाच्या लेखी दोन्ही भांडी सारखी. तिसऱ्या भांड्यात एक ग्रॅम युरिया टाकावा. पेनाचा आकडा जवळपास हलणारच नाही, कारण युरियाचा रेणू पाण्यात विरघळतो पण त्याचे आयन होत नाहीत. देशातील सर्वाधिक खपाचे नत्रखत या यंत्राला दिसतच नाही.

हा यंत्राचा दोष म्हणता येणार नाही. ते जे मोजते ते प्रामाणिकपणे मोजते. द्रावणातून वीज किती सहज वाहते, एवढेच त्याला कळते. हे मोजमाप नीट कसे करावे हे फ्रिडरिक कोहलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच दाखवून दिले. प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह वापरला की विद्युतअग्रांवर प्रभार साचून होणारी गफलत टळते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, विरल द्रावणात प्रत्येक आयन आपापला वाटा स्वतंत्रपणे उचलतो आणि एकूण वाहकता ही या सर्व वाट्यांची बेरीज असते, हेही त्याने मांडले. बेरीज हाती आली म्हणून पदे कळत नाहीत. दहा ही पाच अधिक पाच असते, तशीच नऊ अधिक एकही असते. शाळेतले हे गणित पीपीएमचा आकडा समोर आला की विसरले जाते.

वाटे किती सारखे आहेत हे आकड्यांतच पाहण्याजोगे आहे. २५ अंश सेल्सिअसला, अतिविरल द्रावणात, पोटॅशियम आयनाची मोलर वाहकता ७३.५ (एकक : सीमेन्स वर्ग सेंटिमीटर प्रति मोल). अमोनियमची? तीही ७३.५. म्हणजे टाकीतला पालाश संपत गेला आणि त्याच्या जागी तेवढेच अमोनियम आले, तर पेनाला तसूभरही फरक कळणार नाही. अमोनियमचा अतिरेक मुळांना घातक असतो ही गोष्ट वेगळी. नायट्रेटची मोलर वाहकता ७१.४ आणि क्लोराइडची ७६.३. यातील विनोद लक्षात घ्यावा : ज्याची पिकाला भूक असते त्या नायट्रेटपेक्षा बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यातून आलेल्या क्लोराइडला हे यंत्र अधिक गुण देते. स्फुरद ज्या रूपात मुळांना मिळते त्या डायहायड्रोजन फॉस्फेटला ३६ च्या आसपास, म्हणजे नायट्रेटच्या निम्मेच. लोह लिटरला दोन-तीन मिलिग्रॅम, बोरॉन अर्धा मिलिग्रॅम, मॉलिब्डेनम त्याच्याही दशांश. त्यांच्याविना पीक पिवळे पडते, पण पेनाच्या बेरजेत ती शेवटच्या अंकापर्यंतही पोहोचत नाहीत.

त्यावर पीपीएमचा घोळ. पेनाच्या आत मोजली जाते ती वाहकताच. पडद्यावर तिला एका ठरीव गुणकाने गुणून पीपीएम दाखवले जातात, आणि हा गुणक सर्वत्र एक नाही. कोणी तो ०.५ धरतो, कोणी ०.६४, कोणी ०.७. वाहकता २.० असेल तर एकच पाणी एका पेनावर १०००, दुसऱ्यावर १२८० आणि तिसऱ्यावर १४०० पीपीएम ठरते. अमेरिकेतील एखाद्या चित्रफितीत ‘लेट्यूसला ८०० पीपीएम’ असे ऐकून नाशिकचा किंवा कोइंबतूरचा तरुण आपल्या पेनावर ८०० आणतो. चित्रफितीतला ८०० हा १.६ मिलिसीमेन्सचा असू शकतो आणि त्याचा स्वतःचा १.१४ चा. दोघेही ‘पीपीएम’ म्हणजे लिटरला मिलिग्रॅम असेच समजून बोलतात, आणि दोघांपैकी कोणाच्याही आकड्याचा द्रावणातल्या मिलिग्रॅमशी थेट संबंध नसतो. दर अंशामागे वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, हे त्यात मिळवावे. मे महिन्यात विदर्भातल्या शेडनेटमधली टाकी ३८ अंशांवर असताना यंत्रात तापमानाची दुरुस्ती नसेल, तर आकडा जवळजवळ पाव पटीने फुगतो. शेतकरी ‘जास्त झाले’ म्हणून पाणी ओततो आणि आधीच उन्हाने दमलेल्या पिकाचे अन्न आणखी पातळ करतो.

आता बाजारात काय विकले जाते ते पाहावे. मातीविना शेतीची हौस असलेल्या नवशिक्याच्या हाती बहुधा पहिले खत येते ते १९:१९:१९. ठिबकसाठी ते उत्तमच आहे, द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत ते रुळलेले आहे. मात्र त्यातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते. मातीत जिवाणू त्या युरियाचे अमोनियम आणि पुढे नायट्रेट करतात. नळ्यांतून वाहणाऱ्या स्वच्छ पाण्यात हे काम करणाऱ्या जिवाणूंची वस्ती बेताचीच असते. परिणाम असा, की पेनाला हे नत्र दिसत नाही, म्हणून आकडा गाठण्यासाठी आणखी खत पडते. पिकालाही ते लगेच घेता येत नाही. मग कधीतरी टाकीत जिवाणू माजतात, युरिया फुटतो, अमोनियम उसळते आणि मुळे तपकिरी होतात. दुकानदार म्हणतो रोग आला. बुरशीनाशकाची बाटली विकली जाते.

पाण्याचा प्रश्न याहून गंभीर. मुंबईच्या तलावांतून येणारे पाणी मुळातच हलके असते. समजा त्याची वाहकता ०.१ आहे आणि लेट्यूससाठी १.८ गाठायची आहे, तर खतांना १.७ चा वाव मिळतो. मराठवाड्यातल्या, बंगळूरच्या उपनगरातल्या किंवा पश्चिम राजस्थानातल्या एखाद्या बोअरवेलची वाहकता १.२ असेल, तर त्याच १.८ पर्यंत जाताना खतांना उरतो केवळ ०.६. दोन्ही टाक्यांवर पेन तोच आकडा दाखवते, एका टाकीत मात्र जेवण सुमारे एक तृतीयांशच आहे आणि उरलेली जागा सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट यांनी अडवली आहे. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पिकाच्या उपयोगी पडते, हे मान्य. किती उपयोगी, हे पेन सांगत नाही. बायकार्बोनेट सामू वर ढकलत राहते ते वेगळेच, आणि सामू वर गेला की स्फुरद व लोह द्रावणात असूनही मुळांच्या हाती लागेनासे होतात.

(या देशात ‘टीडीएस’ हा शब्द घरगुती झाला तो शेतीमुळे नव्हे, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणाऱ्यांमुळे. तेच पेन ग्राहकाच्या पेल्यात बुडवून भीती घालायची, ही त्यांची जुनी रीत. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले, तेव्हा हा शब्द वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर गेला. तेव्हापासून पाण्याचा गुण म्हणजे एक आकडा, हा संस्कार पक्का झाला. मातीविना शेतीने तो आयता उचलला.)

एकदाच द्रावण करून पीक काढायचे असते तर हे सारे कदाचित खपून गेले असते. पण मातीविना शेतीचा मोठा दावा पाणी फिरवून वापरण्याचा आहे, आणि द्रावण फिरू लागले की एका आकड्याची खरी फजिती सुरू होते. झाडे सर्व क्षार सारख्या वेगाने घेत नाहीत. नायट्रेट, फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उचलले जाते. कॅल्शियम आणि सल्फेट सावकाश, सोडियम जवळजवळ नाहीच. स्वयंचलित यंत्रणा वाहकता घसरली की ‘अ’ आणि ‘ब’ टाक्यांतून ठरलेल्या प्रमाणात खत सोडते. आकडा १.८ वर येतो. आठवड्यामागून आठवडे आकडा १.८ वरच राहतो, आणि त्याच्या आड द्रावण हळूहळू पालाशाकडून सोडियमकडे, नायट्रेटकडून सल्फेटकडे सरकत जाते. युटा स्टेट विद्यापीठातील ब्रूस बगबी यांनी फिरत्या द्रावणासाठी वस्तुमान-संतुलनाचा आग्रह धरला आहे तो याच कारणाने : झाडाने किती पाणी प्यायले आणि झाडात कोणते मूलद्रव्य किती जमा होते यावरून भर घालावी, टाकीतल्या क्षणिक आकड्यावरून नव्हे. निरोगी पिकाच्या टाकीत स्फुरद जवळजवळ शून्यावर आलेले असू शकते आणि तरी पीक उत्तम असते, कारण ते स्फुरद पानांत पोहोचलेले असते. एवढी साधी गोष्ट पडद्यावरचा आकडा पाहून कधीच उमगणार नाही.

अशा परिस्थितीत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे पोषण-व्यवस्थापन’ अशा बातम्या वाचताना एक प्रश्न प्रत्येक वार्ताहराने विचारला पाहिजे : पेटीत संवेदक कोणकोणते आहेत? अशा अनेक पेट्यांचे झाकण उघडले तर आत दोनच निघतात, वाहकतेचा आणि सामूचा. जे मोजलेच नाही ते गणनविधीला कळणार कुठून? बेरजेवरून बारा-तेरा पदे ओळखण्याची सिद्धी कोणत्याही संगणकाला प्राप्त झालेली नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत आता हायड्रोपोनिक्सला स्थान मिळाले आहे आणि सार्वजनिक पैसा या क्षेत्रात येऊ घातला आहे, तेव्हा हा प्रश्न केवळ वार्ताहरांपुरता राहत नाही.

याला एक प्रतिवाद नेहमी केला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. नेदरलँड्समधील जगप्रसिद्ध हरितगृहेही रोज वाहकताच मोजतात, मग इथेच आकांडतांडव कशाला? मोजतात, हे खरे. पण तिथला उत्पादक निचऱ्याच्या पाण्याचा नमुना आठवड्या-दोन आठवड्यांनी प्रयोगशाळेत पाठवतो, प्रत्येक आयनाचा आकडा मागवतो आणि त्यानुसार खतांची कृती बदलतो. शिवाय हरितगृहाच्या छपरावरचे पावसाचे पाणी साठवून तेच मूळ पाणी म्हणून वापरण्याकडे त्याचा कल असतो, कारण त्यात सोडियम नगण्य असते. दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत वाहकता हे उत्तम साधन आहे, जसा ज्वर मोजण्याचा तापमापक. त्या देशाने तापमापकाला वैद्य मानलेले नाही. इथे केवळ तापमापक आयात झाला, वैद्य तिथेच राहिला. कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर आकाशातून येणारे पाणी वाहून जाते आणि खाली पॉलिहाऊसवाला बोअर मारतो, हेही त्याच आयातीतले.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराला हे सांगावे लागत नाही. नाशिक-सांगलीच्या बागांत देठ परीक्षण करून नत्र, स्फुरद, पालाश, सोडियम स्वतंत्रपणे पाहण्याची रीत जुनी आहे. एका आकड्यावर बाग चालवा असे कोणी सांगितले तर तो बागायतदार हसेल. त्याचाच पदवीधर मुलगा मात्र गच्चीवर पाइप बसवून पेनावर विसंबतो. नव्या तंत्राने जुने शहाणपण मागे टाकल्याचे हे उदाहरण.

मग आयननिहाय संवेदक घ्यावेत का? तिथेही भौतिकशास्त्र सवलत देत नाही. आयन-निवडक विद्युतअग्राचा विभव सांद्रतेच्या लॉगरिथमप्रमाणे बदलतो. सांद्रता दसपट झाली तर नायट्रेटसाठी सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो, कॅल्शियमसाठी त्याच्या निम्मा. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक झाली तर नायट्रेटच्या आकड्यात चार टक्के आणि कॅल्शियमच्या आकड्यात आठ टक्के फरक. नायट्रेटच्या पटलाला क्लोराइडही थोडेबहुत फसवते, आणि पटल काही महिन्यांत थकते. प्रयोगशाळेत हे सांभाळता येते. शेडनेटच्या कोपऱ्यात, शेवाळाच्या थराखाली, विनाप्रमाणन वापरले तर तोही एक महागडा भ्रम ठरतो. ‘रिअल-टाइम एनपीके’ अशी पाटी लावलेले स्वस्त संवेदक जे विकतात, त्यांनी ते कोणत्या प्रमाण द्रावणावर पडताळले हे आधी जाहीर करावे.

या सगळ्यात सर्वांत विश्वासार्ह यंत्र सर्वांत जुने आहे : तराजू. किती लिटर पाण्यात किती ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, किती १३:००:४५, किती ००:५२:३४, किती मॅग्नेशियम सल्फेट टाकले हे वजन करून लिहून ठेवले, तर प्रत्येक आयनाची सुरुवातीची सांद्रता कोणत्याही पेनापेक्षा अचूक कळते. होगलंड यांची कृती याच भाषेत लिहिलेली आहे, पीपीएमच्या पडद्याच्या भाषेत नाही. १९४६ मध्ये शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगच्या परिसरात भारतातील मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले, तेव्हा असे खिशातले पेन नव्हतेच. पेनाचे काम त्यानंतरचे : वजनाने जे अपेक्षित होते तेच भरले का, एवढी खात्री करण्याचे. तीही पेन पडताळलेले असेल तरच. पडताळणीसाठी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण पुरते. २५ अंशांना त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. वर्षानुवर्षे पेन वापरणाऱ्या अनेकांनी हा आकडा ऐकलेला नसतो.

मंडईतल्या भाजीवालीच्या काट्यावर वैध मापनशास्त्राचा शिक्का लागतो. ठराविक काळाने तो नव्याने मारून घ्यावा लागतो, नाहीतर दंड. तीच भाजी ज्या पाण्यावर वाढली त्याचे मोजमाप करणाऱ्या पेनावर कसलाही शिक्का नाही. काटा व्यवहारासाठी आहे आणि पेन खासगी वापरासाठी, हा भेद कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. पण सार्वजनिक अनुदानातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात यंत्रासोबत प्रमाण द्रावणाची बाटली, खोक्यावर गुणक छापण्याची सक्ती, आणि सुरुवातीच्या पाण्याचा आयननिहाय अहवाल, एवढ्या तीन गोष्टी मागायला नवा कायदा लागत नाही. अनुदानाच्या अर्जात तीन ओळी वाढवाव्या लागतील. दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ या नावाने प्रमाणित पदार्थांची परंपरा उभी करत आहे, कृषी विज्ञान केंद्रे आणि मृद-जल चाचणी प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट तिथे आजही मोजले जाते. दुवा जोडायचा आहे तो इथे.

तो जोडला नाही तर तोटा केवळ कर्ज काढणाऱ्या तरुणाचा होत नाही. नायट्रेटचा अंदाज चुकून पालेभाजीत ते साचले तर ते ताटात येते. युरोपीय संघाने लेट्यूस, पालक, रुकोला यांतील नायट्रेटवर कमाल मर्यादा घातल्या आहेत. आकडा हाताबाहेर गेला, की मातीविना शेतीतला रूढ उपाय म्हणजे टाकी पूर्ण रिकामी करणे आणि नवे द्रावण भरणे. टाकीत काय उरले होते हे कोणी मोजलेले नसते, म्हणून काय फेकले हेही कोणाला ठाऊक नसते. पाण्याची नव्वद टक्के बचत सांगणाऱ्या जाहिरातीत या पाण्याचा उल्लेख येत नाही. नायट्रेटने भरलेले ते हजार-दोन हजार लिटर पाणी शेडनेटमागच्या चरात सोडले जाते, जमिनीत मुरते, आणि बोअरवेल बहुतेक वेळा त्याच आवारात असते.